जेद्दा किती लांब आहे?

हजचे दिवस होते. साताऱ्यात सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, जेद्दा किती लांब आहे?" तिचे नाना-नानी निघाले होते. मी फळ्यावर लिहिलं : मुंबई ते जेद्दा, साधारण ३,५०० किलोमीटर. विमानानं सव्वापाच तास. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे सकाळी दहाला मुंबईहून उडालेला माणूस तिथल्या पावणेएकला उतरतो.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सर, सांगलीहून मुंबईच जास्त लांब की!"

वर्ग हसला. मीही हसलो. सांगली-मुंबई बसला आठ-नऊ तास लागतात, पोरगं खरंच बोललं होतं. पण ते सव्वापाच तास मी आधी एकदा मोजलेले होते.

माझे थोरले भाईजान जेद्दात ड्रायव्हर होते. २०१७ साली एका गुरुवारी संध्याकाळी सांगलीत अब्बा गेले. मी साताऱ्याहून मिळेल त्या एसटीनं निघालो, रात्री घरी पोचलो. भाईजानचा फोन आलेला होता, "थांबा, मी येतो. पाच तासांचं तर विमान आहे."

पण तेव्हा तिथून निघायचं तर तिकिटाआधी एक्झिट री-एंट्री व्हिसा लागायचा आणि तो मालकानं काढून द्यावा लागायचा. मालक गावाला गेलेला. शुक्रवार-शनिवार तिकडे सुट्टी. मय्यत किती वेळ ठेवणार? जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही अब्बांना दफन केलं. भाईजान सोमवारी सकाळी सांगलीत उतरले. बॅग घेऊनच कब्रस्तानात गेले. मूठभर माती हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, मग ती कबरीवर सोडली. म्हणाले, "पाच तासांवर होतो मी."

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, 'अकबरी' जहाजानं हजला गेले होते. तेव्हा मुंबईहून मुघल लाइनची जहाजं जेद्दाला जायची. १९९५ नंतर ती बंद झाली. समुद्रावर कित्येक दिवस जायचे. अम्मी सांगते, निघण्याआधी दादांनी मोहल्ल्यातलं एकही घर सोडलं नाही. किराणा दुकानदाराची उधारी फेडली, भांडण झालेल्या चुलतभावाच्या दारातही गेले. प्रत्येकाला एकच म्हणाले, "कहा-सुना माफ करना." परत येऊ की नाही, हे त्यांनी मनाशी धरलेलंच नव्हतं. म्हणून निरोप पुरा घेतला.

भाईजान निघाले तेव्हा अब्बा ओट्यावर पेपर वाचत होते. घरबांधणीच्या पैशांवरून दोघांत आठवडाभर अबोला होता. "पोचलास की फोन कर," एवढंच अब्बा म्हणाले. पाच तासांच्या प्रवासाला कोण माफी मागतं?

मी मुलांना उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. उर्दूतला 'फासला' म्हणजे मराठीत अंतर. पण मराठीत 'अंतरणे' असंही एक क्रियापद आहे : मुलगा बापाला अंतरला. त्याचा अर्थ सांगताना हल्ली मला फळ्याकडे वळावं लागतं.

त्या दिवशी तास संपल्यावर मी त्या मुलीला थांबवलं. म्हटलं, "नाना-नानी निघण्याआधी त्यांच्याजवळ जरा बसून घे. विमान लवकर पोचतं."