शेपटीची मूठ

प्राण्याच्या आकाराचं जुनं चांदीचं भांडं दुरुस्तीला आलं की मी आधी त्यात पाणी भरतो आणि ओतून बघतो. छाप, वजन, नक्षी हे सगळं नंतर. गाय असेल तर तोंडातून धार नीट पडते का, मोर असेल तर पाठीवरचं झाकण अंगठ्यानं सहज उघडतं का, घुबड असेल तर मान न अडखळता सुटते का, हे मला आधी कळायला हवं. ही जनावरं कपाटात उभी राहण्यासाठी जन्मलेली नाहीत. घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चहा पिणारा, मीठ घेणारा, पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावणारा माणूस होता. ते काम भांड्याला जमत नसेल, तर माझ्या लेखी दुरुस्ती झालेलीच नाही, वरून ते कितीही लखलखो.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते इंग्रजी काऊ क्रीमरनं. अठराव्या शतकात लंडनला चहात दूध घालण्याची पद्धत रुळली, तसं टेबलावर दुधासाठी लहान भांडं लागू लागलं. जॉन शुप या कारागिरानं 1753 मध्ये तिथं आपली खूण नोंदवली. तो मूळचा हॉलंडकडचा असावा असं मानतात. त्यानं ध्यास घेतल्यासारख्या चांदीच्या गाईच घडवल्या. पी. जी. वुडहाउस यांच्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ (1938) या कादंबरीत जिच्यावरून सगळा गोंधळ उडतो, ती गाय याच कुळातली. पु. लं.च्या वुडहाउसप्रेमामुळे त्याच्याकडे वळलेले मराठी वाचक पुष्कळ आहेत. त्यांनी ती गाय वाचली असेल. हातात मात्र फार थोड्यांनी धरली असेल.

हातात धरल्यावरच तिची अक्कल कळते. शेपूट पाठीवरून पुढं वळून अंगाला टेकते आणि मूठ तयार होते. दूध भरायचं पाठीवरच्या झाकणातून, ओतायचं तोंडातून. झाकण उचलायला काहीतरी धरायला हवं, म्हणून तिथं एक माशी बसवलेली असते. गाईच्या पाठीवर माशी बसतेच. कारागिराला वेगळं काही चिकटवावं लागलं नाही. मूठ, तोटी, झाकण, बोंडी या भांड्याच्या चारही गरजा त्यानं गाईच्याच अंगात शोधल्या. भांड्यावर प्राणी लावणं सोपं असतं. प्राण्यात भांडं सापडणं अवघड, आणि चांगलं काम मी यालाच म्हणतो.

तिचं झाकण अगदी घट्ट बसत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा दोष वाटतो आणि तो मला म्हणतो, जरा आवळून द्या. मी देत नाही. पोटातलं दूध तोंडातून बाहेर यायचं तर मागून हवा आत शिरायला हवी. झाकण पक्कं बसवलं की धार गचके खात पडते, थेंब नाकावरून गळ्याखाली उतरतात. बिजागरीत केसभर सैलपणा हवाच.

खरा त्रास पायांचा. अंग पातळ पत्रा ठोकून उठवलेलं असतं आणि पाय ओतून डागानं जोडलेले. भांडं पडलं की पाय जोडाशी निखळतो किंवा पोटाच्या पत्र्याला खड्डा घालून आत शिरतो. हे दुरुस्त करता येतं. भीती वाटते ती आधीच्या दुरुस्तीची. चांदीचा डाग द्यायला सातशे अंश सेल्सियसच्या वर उष्णता लागते. ते टाळायला पूर्वी कुणीतरी शिसं-कथलाचा मऊ डाग देऊन वेळ मारून नेलेली असते. तो करडा, मेणचट दिसतो. त्याच्यावर थेट आच धरली तर शिसं चांदीत उतरतं आणि पत्रा खात जातं. बघता बघता भोकं पडतात. म्हणून आधी तो सगळा मऊ डाग कानशीनं, खरवडणीनं, शेवटी भिंगाखाली बसून कणाकणानं काढायचा. दोन दिवस नुसतं खरवडणं चालतं आणि दाखवायला काहीच नसतं. गिऱ्हाईक विचारतं, अजून सुरुवात नाही का? मला विचाराल तर या कामातला सगळ्यात प्रामाणिक भाग हाच. शिसं पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय मी फुंकणी हातात घेत नाही.

छाप मी त्यानंतर पाहतो. लंडनच्या कामावर चालणारा सिंह, बिबट्याचं डोकं, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं असतात. सिंह म्हणजे हजारात 925 भाग चांदी. राजाचं डोकं हा कर भरल्याचा छाप 1784 मध्ये सुरू झाला आणि 1890 मध्ये बंद झाला. शुपच्या नावानं आलेल्या गाईवर तो दिसला तर मान हलवायची आणि भांडं परत द्यायचं. दुसरी लबाडी अशी की एखाद्या जुन्या चमच्यावरचा खरा छाप कापून नव्या भांड्याच्या पोटात बसवतात. डोळ्याला जोड दिसत नाही. त्यावर तोंडाची वाफ सोडली की ती विरताना छापाभोवती डागाची रेघ क्षणभर उमटते. कितीही महागडं भिंग असो, ही तपासणी मी आजही आधी करतो.

मिठाच्या भांड्यांचं शास्त्र वेगळं. ओलं मीठ चांदीला खातं, काळे-हिरवे खड्डे पाडतं, म्हणून आतून सोन्याचा मुलामा देतात किंवा काचेची वाटी बसवतात. निकोलस स्प्रिमाँ या लिएजहून लंडनला आलेल्या कारागिरानं 1742 च्या सुमारास प्रिन्स ऑफ वेल्स फ्रेडरिकच्या टेबलासाठी खेकड्यांची मीठदाणी केली. ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. शिंपल्यात मीठ आणि शेजारी खेकडा. खेकडा तिथं काही काम करत नाही, हे खरं. तरी मला ते काम आवडतं, कारण मीठ जिथून येतं तिथलंच हे जनावर आहे. खेकड्याच्या कवचावरचे बारीक दाणेही त्यानं सोडलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकातलं घुबडाच्या आकाराचं मस्टर्डचं भांडंही असंच विचारी. डोकं म्हणजे झाकण, आत काचेची वाटी आणि चमच्याच्या टोकाला उंदीर. घुबडाचे डोळे काचेचे असतात. डाग देण्याआधी ते काढून ठेवावे लागतात, नाहीतर आचेनं तडकतात. तसे जुने डोळे पुन्हा मिळत नाहीत.

जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारागिरांनी तर भांडं टेबलावर चालवलं. योआकिम फ्रीस यानं 1620 च्या सुमारास घडवलेलं हरणावर बसलेल्या डायना देवीचं पात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बैठकीत चावीचं यंत्र आणि चाकं. ते ज्याच्यासमोर थांबेल त्यानं हरणाचं डोकं काढून आतली वाइन प्यायची. पुढं जर्मनीतच हानाउ गावी जुन्या पद्धतीची अशी जनावरं खूप झाली. त्यांची मुंडकी निघतात, पण ओठाला लागणारी कड धड घासलेलीही नसते. त्यातून कुणी पिणार नाही हे घडवणाऱ्याला ठाऊक होतं. त्या कडेवरून बोट फिरवलं की मला वाईट वाटतं.

आपल्याकडचं काम याहून फार लांबचं नाही. कच्छी चांदीच्या चहाच्या किटल्यांवर मूठ नागाची आणि तोटी हत्तीच्या सोंडेची दिसते. भुजच्या उमरसी मावजीच्या खुणेची भांडी जगभरच्या संग्रहांत आहेत. चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाही धातू वाहून नेत नाही. उकळता चहा भरला की मूठ धरवत नाही, म्हणून मुठीत दोन ठिकाणी हस्तिदंताच्या चकत्या घालत. नागाच्या अंगाला त्या खवल्यांच्या दोन ओळींमध्ये अशा बसतात की पट्टाच वाटावा. मराठी घरांतला मोर त्या मानानं साधा. हळदीकुंकवाचा करंडा किंवा अत्तरदाणी. पंख म्हणजे झाकण, पिसारा धरायला. असे कितीतरी मोर रुपये आटवून झाले. 1940 पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा असे. किती नाणी दिली आणि किती वजनाचा मोर आला, हे घरच्या बाईला तराजूशिवायही मोजता येई. त्यावर छाप नसतो. कुठल्या सोनारानं केला, हे विचारायलाही घरात कुणी उरलेलं नसतं.

हे मोर माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा घासून घासून गुळगुळीत होऊन. दर सणाला पावडरीनं चोळलं की आधी पिसांचे डोळे जातात, मग मानेवरच्या रेषा. खाचांतला काळपटपणा ही घाण नव्हे. त्याच्यामुळेच पीस पीस म्हणून दिसतं. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं फडकं, एवढंच पुरे. आणि रोज वापरा. हाताळलेली चांदी बंद कपाटातल्या चांदीपेक्षा हळू काळी पडते. गाईत दूध घेतलं असेल तर उठण्याआधी ती धुवा, कारण साय नाकपुडीपाशी अडकली की दुसऱ्या दिवशी वास येतो. मीठ रात्री काढून ठेवा.

मासोळी सगळ्यात अवघड. उत्तर प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यातल्या मौदहा गावची चांदीची मासोळी प्रसिद्ध आहे. हातात घेतली की अंग वळवळतं. युरोपातल्या ज्यू घरांत शबाथ संपताना हुंगायच्या मसाल्याची डबीही पुष्कळदा अशीच माशाची असते. खवल्यांची कडी एकात एक सरकवून आतून ओवलेली असतात. शेपटीकडे ती लहान होत जातात. डोक्यापाशी बिजागरी, तिथून अत्तराचा फाया किंवा लवंग-दालचिनी आत जाते. एक कडं हरवलं की मासोळी तिथंच ताठरते. नवं कडं करताना त्याचा व्यास शेजारच्या दोघांच्या बरोबर मध्ये यावा लागतो, पत्राही तितकाच पातळ. जरा जाड झाला तर वळताना खवला खवल्यावर चढतो. बसवल्यावर मी मासोळी पालथ्या हातावर ठेवतो आणि हात हलवतो. ती डावीकडे आणि उजवीकडे सारखीच वळली पाहिजे. प्रत्येक नव्या कड्याच्या आतल्या बाजूला, वरून दिसणार नाही अशी, मी बारीक रेघ ओढतो. पुढं कधी दुसऱ्या कारागिरानं ती उलगडली, तर जुनं किती आणि माझं किती हे त्याला वेगळं काढता यावं. तीच गोष्ट बिलावरही लिहून देतो.