गोधडी

माझ्या स्टुडिओतली सर्वांत जुनी वस्तू एक गोधडी आहे. स्टुडिओ हा शब्द मी जरा बिचकतच वापरतो. डोंबिवलीतल्या फ्लॅटची दहा बाय दहाची मागची खोली, भाच्याने वापरून सोडलेला चार जीबी रॅमचा लॅपटॉप, एक माइक, एक हेडफोन आणि वडिलांची पेटी, एवढाच त्याचा पसारा. खिडकीतून रूळ दिसतात.

गोधडी मिरजेची. आजीने विटलेल्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक घालून, उन्हाळ्याच्या सुट्टीत सोप्यात बसून, धावदोऱ्याने शिवलेली. सातवीत ती माझ्या वाट्याला आली. आमच्या घराजवळच सतारमेकरांची दुकानं होती. तंबोऱ्याची जवारी लावताना तासन्‌तास एकच तार छेडत बसलेली माणसं शाळेच्या वाटेवर दिसत. मला त्यांचा कंटाळा येई. मला सिनेमाची गाणी हवी असत. विविध भारतीवर रात्री दहाला छायागीत लागे आणि वडील साडेनऊलाच दिवा मालवत. मग मी ट्रान्झिस्टर पोटाशी घेऊन गोधडी डोक्यावरून ओढून घेई, फट राहू नये म्हणून तिच्या कडा अंगाखाली दाबून ठेवी. आत घाम, उकाडा आणि गाणं. बाहेर एक सूरही जात नाही याची मला खात्री होती. चार हातांवर वडील स्वस्थ झोपलेले असत. शेजारच्या घरी सेल उतरले की ते उन्हात ठेवत आणि आणखी चार दिवस चालवत. आमच्या ट्रान्झिस्टरचे सेल कधी उतरल्याचं मला आठवत नाही. रेडिओ चांगला आहे, एवढंच मला वाटे.

पुढे गोधडी माझ्याबरोबर हॉस्टेलवर गेली, नोकरीसाठी मुंबईकडे आली आणि घरात ब्लँकेटं आल्यावर दिवाणाच्या पोटात गेली. वडील गेल्यावर मिरजेहून पेटी आणली, तीही वर्षानुवर्षं खोळीतच राहिली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि खोळ निघाली. मनात चार-दोन चाली होत्या, त्या कुठेतरी धरून ठेवाव्यात असं वाटलं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, नवीन काही घेऊ नकोस. ऑडॅसिटी घाल, फुकट आहे. तुझ्या डबड्यावरही पळेल." मोबाइलचा इअरफोन लॅपटॉपला लावून त्याच्याच माइकवर मी पहिलं रेकॉर्डिंग केलं. ऐकलं तर पेटी विहिरीत बसून वाजवल्यासारखी. भाचा म्हणाला, "तू पेटी नाही रे, भिंती रेकॉर्ड केल्यास. जाड कापड टांग काहीतरी."

अशी गोधडी बाहेर आली. आधी ती माझ्यासमोर, माइकच्या मागे टांगली. फरक जेमतेम पडला. पुढे खरा माइक आला तेव्हा तिची योग्य जागा कळली. असे माइक बहुधा समोरचंच जास्त ऐकतात. त्याच्या समोर मी, आणि माझ्यामागे उघडी भिंत. म्हणून गोधडी माझ्या पाठीशी हवी, तीही भिंतीला चिकटवून नव्हे, वीतभर पुढे. भिंतीला लागून हवा फारशी हलत नाही, थोडी पुढे ती जास्त हलते, आणि कापड आवाज खातं ते हलत्या हवेतूनच. लोखंडी कपाटाला आणि खिडकीच्या गजाला दोरी बांधली, गोधडी टांगली, पुन्हा वाजवलं. खोली नाहीशी झाली होती. भात्याचा श्वास, पट्टीवर बोट टेकल्याची टकटक, सगळं जवळ आलं. आजीच्या टाक्यांचं मला फार कौतुक वाटलं.

पार्सलं पुन्हा येऊ लागल्यावर दोन इनपुटचा छोटा ऑडिओ इंटरफेस घेतला, ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालणारा एक स्वस्त कंडेन्सर माइक आणि हेडफोन. माइक भात्याच्या बाजूला न धरता पट्ट्यांच्या वर हात-दीड हात उंच धरायचा, हे चार-पाच वेळा चुकल्यावर कळलं. सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच आवाज घ्यायचा, हेही. टेपरेकॉर्डरवर आवाज थोडा चढला तर चालून जाई. इथे शून्याच्या वर गेला की सूर फाटतो, आणि फाटलेला सूर सरळ शिवता येत नाही.

सगळ्यांत छळलं ते उशिराने. पट्टी दाबली की हेडफोनमध्ये सूर मागाहून येई, आणि मी त्याच्यासाठी थांबू लागलो की लय ढासळे. यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजतं. कारण आपल्याला ऐकू येणारा वरचा सूर २०,००० हर्ट्झच्या आसपासचा, आणि तो पकडायला दुपटीहून जास्त मोजण्या लागतात. त्या मोजण्यांची १,०२४ची टोपली भरली की मगच ती पुढे सरके, म्हणजे एकेका टोपलीला २३ मिलीसेकंद. टोपली २५६ची केली की सहाच्या आत. आवाजाला हवेतून दोन मीटर जायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. बैठकीत तबलजी तेवढ्या अंतरावर बसतोच, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. पण टोपली लहान झाली की जुना लॅपटॉप धापा टाकी आणि आवाजात चरचर येई. शेवटी तोडगा निघाला. वाजवताना टोपली लहान, नंतर आवाज जुळवताना मोठी. आणि ब्राउझर वगैरे बाकी सगळं बंद. चार जीबीत संसार असाच करावा लागतो.

लॅपटॉपच्या पंख्याची घरघर माइकमध्ये येत होती, म्हणून एकदा गोधडीचा पदर त्याच्यावरच टाकला. दहा मिनिटांत लॅपटॉप तापून बंद पडला आणि दुपारचं सगळं काम गेलं. तेव्हापासून तो खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर असतो आणि वायर दाराखालून आत येते. छताचा पंखाही बंद. मे महिन्यात बनियन भिजवून मी चाली वाजवल्या. पण काय शांतता होती! माझ्या मते ती गोधडीची किमया होती.

१५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल पुन्हा सुरू झाल्या. त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावलं, तर पेटीखाली एक जाड घरघर येई आणि विरे, पुन्हा येई आणि विरे. खिडकी लावून घेतली, गोधडीची दुहेरी घडी केली, घरघर तशीच. भाच्याला ऐकवलं. तो हसला. "गोधडी आवाज अडवत नाही मामा. खोलीत घुमणारा आवाज तेवढा खाते, तोही वरचा." मग मी हिशेब केला. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब, माझ्या खोलीपेक्षा लांब. बोटभर जाडीच्या कापडाचा तिच्यापुढे काय पाड? अडवायचा तर वजन लागतं, भिंत लागते, बिनफटीची खिडकी लागते. मार्चपासूनची शांतता गोधडीची नव्हती, लोकल बंद होत्या म्हणून होती. आता ८० हर्ट्झच्या खालचं सॉफ्टवेअरमध्ये कापतो, आणि वाजवायला रात्री उशिरा बसतो. शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिलीला अजून वेळ असतो. मध्येच एखादी मालगाडी आली, तर ती जाईपर्यंत थांबतो.

अशाच एका रात्री मालगाडी जायची वाट पाहत बसलो होतो, आणि ट्रान्झिस्टर आठवला. पातळ पत्र्यावरून पाऊस ऐकू यावा तसं त्या गोधडीतून सगळं छायागीत बाहेर जात असणार. चार हातांवर.

सकाळी मिरजेला आईला फोन लावला. म्हटलं, "मी रात्री रेडिओ ऐकायचो, ते बाबांना माहीत होतं का गं?"

"अरे, रोज ऐकायचे. एखादं गाणं आवडलं तर कुशीवर वळायचे तुझ्याकडे." मग ती जरा थांबून म्हणाली, "आणि दर पगाराला नवे सेल कोण घालत होतं, असं वाटलं तुला?"