ट्रायल

शिंपी आणि बँक, दोन्हीकडे माणूस एका खेपेत मोकळा होत नाही. आमच्या आष्ट्यात शिवायला टाकलेली पँट हाती येईपर्यंत कंबर दोन इंचांनी वाढलेली असते. पण मास्तरांना बोल लावण्याआधी विली पोस्ट या अमेरिकन वैमानिकाची हकीकत ऐका. फार उंचावर उडता यावे म्हणून १९३४ साली त्याने गुडरिच या टायरवाल्या कंपनीकडून रबरी पोशाख करून घेतला. पहिला चाचणीतच फुटला. दुसऱ्यात गडी असा अडकला, की पोशाख कापून त्याला बाहेर काढावे लागले. तिसरा जमला!

टायरवाल्यांकडे कपडे टाकल्यावर दुसरे काय होणार, म्हणाल. पण खरा पेच हवेचा होता. आत हवा भरली की पोशाख ट्रॅक्टरच्या ट्यूबसारखा ताठ. कोपर वाकेल तर शपथ. तिथले इंजिनिअर रसेल कॉली यांनी टोमॅटोवरची अळी पाहिली. ती काटकोनात वळते, तरी बिघडत काही नाही. झाले, सांध्यांना तशाच वळ्या आल्या! आमच्याकडे त्या अळीवर फक्त औषध मारतात.

चंद्रावर जाणाऱ्यांचे कपडे मात्र बायकांच्या अंतर्वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने केले. डोव्हर गावच्या बायका साध्या शिलाई मशिनवर बसल्या. थर सुमारे २१, आणि शिलाई इंचाच्या बत्तिसाव्या भागानेही चुकायची नाही. मुख्य चमूतल्या प्रत्येकाला मापाचे तीन पोशाख : एक सरावाला, एक प्रवासाला, एक राखीव. म्हणजे चक्क ट्रायल! सरावाचा पोशाख घालून वाका, पडा, घासा. जे उसवायचे ते जमिनीवर उसवू दे.

टाचण्यांवर तर आमच्या कॅशसारखा पहारा. एखादी आत राहिली तर रबराला भोक, म्हणून पोशाखांचे एक्स-रे काढत. आमच्या बँकेत व्हाउचरची टाचणी फार तर साहेबांच्या बोटात जाते.

हे सगळे मी घरी रंगवून सांगितले. आमची ही मशिनवर शेजारणीचा ब्लाउज शिवत होती. मला वाटले, हसेल.

‘‘ते वर असेस्तोवर त्या बायकांना झोप लागली असेल का हो?’’ तिने विचारले.

मी गप्प. तिने दिवा जवळ ओढला आणि नुकतीच मारलेली बाहीची शिलाई उसवायला घेतली.