फसवी शक्सगाम : नकाशावर जपलेली एक चूक

१/ शक्सगाम हे नाव आपल्याला भेटते ते बहुधा सीमावादाच्या बातमीत. १९६३ च्या करारान्वये पाकिस्तानने हे खोरे चीनला दिले. भारताने तो करार कधीच मानला नाही. मला मात्र ओढ लागली ती नकाशावरील तिथल्याच एका विचित्र नावाची : झुग शक्सगाम, अर्थात ‘फसवी शक्सगाम’.

२/ के२ शिखराच्या उत्तरेस वाहणाऱ्या शक्सगामच्या खोऱ्यातून १८८७ मध्ये यंगहजबंड गेला. वाट कळली, पण भोवतालचा बराच प्रदेश नकाशावर कोराच राहिला.

३/ १९२६ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाचे केनेथ मेसन आणि सर्वेक्षक अफराज गुल खान यांचे पथक वरच्या अंगाने खोऱ्यात उतरले. क्यागर हिमनदीने वाट अडवली. वळसा घेऊन ते एका नदीपाशी पोहोचले आणि तिलाच शक्सगाम समजले. ती निघाली दुसरीच! मेसनने चूक झाकली नाही, नदीच्या नावातच ती नोंदवली.

४/ १९३७ मध्ये शिप्टन, टिलमन, भूवैज्ञानिक जॉन ऑडन, सर्वेक्षक मायकेल स्पेंडर आणि सात शेर्पा तेथे गेले. उन्हाळा चढला की बर्फ वितळून शक्सगाम फुगते. त्याआधी परतले नाही, तर पैलतीरी अडकून पडायचे. मोजणी चालली ती ही धास्ती उराशी बाळगूनच.

५/ अशा मोजणीचे तत्त्व साधे आहे. तिकाटण्यावर सपाट फळा, त्यावर कागद. आधी स्थान निश्चित झालेली शिखरे दिसली की त्यांच्या दिशांच्या रेषा जुळवून स्वतःचे ठिकाण काढायचे. मग नव्या शिखराकडे रेषा. दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा रेषा. दोन्ही छेदतात तेथे ते शिखर. ढग आले, की दिवस वाया.

६/ झुग शक्सगाम यारकंद नदीला मिळते, हे या मोहिमेने उलगडले. शिप्टनच्या पुस्तकाचे नावच ‘ब्लँक ऑन द मॅप’, म्हणजे नकाशावरील कोरी जागा.

७/ लहानपणी नकाशातील निळी रेघ मला निर्विवाद वाटे, आणि कोरी जागा म्हणजे उणीव. आज उलट वाटते. इतिहासाचे धागे लिहिताना मीही पुराव्यातील कोऱ्या जागा कधी कधी अंदाजाने भरल्या आहेत, आणि वाचकांनी त्या निःशंकपणे पुढे पाठवल्या आहेत. मेसनने अंदाजाची रेघ ओढून शक्सगाम पुरी केली असती, तर पुढच्या पथकाने त्याच रेघेवर आपला जीव सोपवला असता. म्हणून या धाग्यातही जेथे माझी चूक सापडेल, तेथे ती पुसणार नाही. ‘झुग’ असे लिहून ठेवीन.