वाफसा

नाशिकची थंडी महाशिवरात्रीला जाते हे पंचांग न उघडणाराही सांगेल. परंतु ज्याला उन्हाळी भाजीपाला करावयाचा आहे त्याचा हिशेब माघाच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू झालेला असतो, आणि त्या हिशेबात हवेपेक्षा जमिनीचे मत अधिक वजनदार धरले जाते. तिकडे निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या छापून येत असतात, घड कडाक्यातून वाचावेत म्हणून द्राक्षबागाइतदार रात्रभर बागेत शेकोट्या धुमसत ठेवीत असतात, आणि इकडे मखमलाबादच्या शिवारात, गहू अजून हिरवा उभा असताना, त्याच्या कडेची मोकळी पट्टी नांगरून, ढेकळे फोडून, दंड आणि सारे पाडून ठेवलेली असते. पट्टी तयार असते, बी तयार असते, रोजाने सांगितलेली माणसेही तयार असतात. माती तेवढी तयार नसते, आणि तिची वाट पाहण्यावाचून कोणाचा इलाज चालत नाही.

मोगलांनी नाशिक शहराचे नाव गुलशनाबाद ठेवले होते. रामकुंडाविषयी आणि काळारामाविषयी लिहिणारे पुष्कळ झाले. गुलशनाबादच्या या गुलशनाविषयी लिहावे असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही. पंचवटी ओलांडली की पेठेच्या रस्त्याच्या पश्चिमेस हे शिवार लागते. उत्तरेच्या अंगाला चामरलेण्यांचा डोंगर आणि त्यापलीकडे रामशेज. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरांची उंची. इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस येवल्याला पोहोचेपर्यंत पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये बसलेल्या या गावाला घाटमाथ्याची ओल मिळते, पण तिथला चिखल सोसावा लागत नाही. जुन्या दप्तरात येथील आमच्या मळ्याची जमीन मोटस्थळ बागायत म्हणून नोंदलेली होती. पुढे १९६५ साली पुरे झालेल्या गंगापूरच्या मातीच्या धरणाचा डावा कालवा या अंगाने गेला, मोटेचा नाडा-सोंदूर गोठ्याच्या आढ्याला लटकला, आणि नमुना नंबर ७ चा अर्ज भरून आवर्तनाची वाट पाहणे हा आमच्या घरातील पुरुषांचा एक नवा व्यवसाय झाला.

यंदाच्या माघात पुष्कळ वर्षांनी तिकडे जाणे झाले. मळ्याची बिनशेती झाली आहे. सनद, मोजणीचा नकाशा, भूखंडांचा मंजूर आराखडा, सारे काही रीतसर. चुलतभावांनी कागद मोठ्या हौसेने दाखविले, आणि त्यांत खोड काढण्याजोगे काही नाही. सिमेंटचा रस्ता, क्रमांक टाकलेले दगड, प्रवेशाची कमान, हे सारे कोणाच्याही नजरेत भरेल, त्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मी विचारले ते मातीविषयी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती इमारतीच्या पायाला धार्जिणी नाही. तेव्हा रस्त्याच्या आणि पहिल्या बंगल्यांच्या जागेवरची कंबरभर माती उकरून तेथे मुरूम दाबला होता. उकरलेली माती कोठे गेली? “रोपवाटिकेवाले घेऊन गेले, वर पैसे देऊन,” असे धाकट्या चुलतभावाने सांगितले, आणि सौद्यात आपण फसलो नाही याचे समाधान त्याच्या मुद्रेवर स्पष्ट होते. विहीरही त्याच मुरुमाने बुजविली आहे. थारोळ्याचा एक घडीव दगड कमानीपाशी शोभेसाठी उभा केला आहे. त्यावर बहुधा कुंडी ठेवतील.

त्या मातीवर हक्क कोणाचा होता हा प्रश्न दिवाणी अदालतीत उभा राहणारा नाही; म्हणूनच तो येथे उभा करतो. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, ऐन विशीत कपाळ पांढरे होऊन माहेरी परत आली, आणि तेव्हापासून मरेपर्यंत मळ्यातला भाजीपाला तिच्या हाताखाली राहिला. ऊस, गहू, द्राक्षे ही पुरुषांची पिके. त्यांचा हिशेब ओसरीवर होई आणि त्यांच्यासाठी सोसायटीचे कर्ज निघे. काकडी, दोडका, कारले, गवार, भेंडी, मेथी, कोथिंबीर, चुका, तांदुळजा ही बायकांची. त्यांचे पैसे रोज हातात येत आणि रोज घरखर्चात जिरत, म्हणून त्यांना उत्पन्न म्हणण्याची आमच्या घरी चाल नव्हती.

बियाणे विकत आणणे आत्याला कमीपणाचे वाटे. काकडीचे बी आदल्या उन्हाळ्यात शेणात कालवून माजघराच्या भिंतीला थापलेले असे. दोडक्याचे दोडक्यातच वाळत टांगलेले. मेथी आणि चुका राखेत घोळून मडक्यात. माघ लागला की ती भिंतीवरच्या थापा नखाने उकली, कारल्याचे टणक बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवी, आणि ओल्या फडक्यात बांधलेली त्याची पुरचुंडी चुलीच्या वैलापाशी उबेला ठेवी. त्या दिवसांत चुलीजवळ पाय पसरून बसण्याची आम्हां मुलांना बंदी असे. धणे ती ओट्यावर पसरून पायातल्या वहाणेने हलके रगडी. एका धण्यात दोन बिया जोडून असतात आणि त्या सुट्या केल्या की उगवण चांगली होते हे मी पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात वाचले, तेव्हा त्या पुस्तकाविषयी मला प्रथमच आदर वाटला.

परंतु हे सारे थोड्याफार फरकाने शिवारातल्या कोणत्याही बाईला येत होते. आत्याची खरी विद्या वाफशाची. ओलवणीचे पाणी दिल्यानंतर काळ्या जमिनीला वाफसा यायला चार दिवस लागतील की सहा, हे वाऱ्यावर, धुक्यावर आणि जमिनीच्या उतारावर अवलंबून असते. ओल अधिक असताना हात घातला तर बी कुजते आणि पायाखालची जमीन दगड होऊन बसते. एक दिवस उशीर झाला तर वर कवच धरते आणि कोंब त्याच्याखाली वाकडा होऊन मरतो. या दोन नुकसानींच्या मध्ये जो अर्धा-पाऊण दिवस असतो त्यात पेरणी व्हावी लागते, आणि तो कोणता हे आमच्या मळ्यात ठरविण्याचा अधिकार आत्याचा होता. दुसरा कोणताही अधिकार तिला नव्हता.

तिच्या या अधिकाराची एक सकाळ माझ्या स्मरणात उरलेल्या साऱ्या बालपणापेक्षा स्पष्ट आहे. आवर्तन बंद होऊन काही दिवस झाले होते. बाया-गडी बांधावर येऊन बसले होते आणि थोरले काका मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे होते. आत्याने बांधाशी वहाणा काढल्या, साऱ्यात उतरली, वीतभर खालची माती उकरून मुठीत घेतली, आवळली, आणि कमरेच्या उंचीवरून तो गोळा सोडून दिला. गोळा पडला, चपटा झाला, पण फुटला नाही.

“नाही आला अजून.”

“अक्का, आठ माणसं बसवून ठेवलीत,” काका म्हणाले.

“बसू दे. माती काय माणसं मोजून वाळते का?”

काका पुटपुटत घराकडे गेले. बायांनी तंबाखू मळली, कोणाच्या तरी सुनेचा विषय निघाला, आणि आत्या एकटी साऱ्यांतून फिरत राहिली. पाटाच्या तोंडाशी ओल अधिक असते, शेपटाकडे कमी. म्हणून ती एकदा इथली मूठ घेई, एकदा तिथली, गोळा टाकी, पुढे जाई. गव्हावरचे दव गेले. मघापर्यंत चकाकणाऱ्या मातीचा रंग हळूहळू फिरला. चकाकी जाऊन तिच्यावर राखेची झाक आली, आणि वाफ्यातून ऊबदार, किंचित आंबूस असा एक वास येऊ लागला, जो पहिल्या पावसाच्या बहुस्तुत वासाहून मला कितीतरी अधिक प्रिय आहे. ऊन चांगले वर चढल्यावर आत्याने टाकलेला एक गोळा जमिनीवर आदळून भुगा झाला. ती बोलली काहीच नाही. तिने पदर खोचला आणि पहिल्या आळ्यापाशी उकिडवी बसली; ते पाहताच बायांनी तंबाखू थुंकली, सुनेचा विषय अर्धा टाकला आणि आपापल्या ओळी धरल्या. दर आळ्यात तीन बिया, अंगठ्याच्या एका पेराइतक्या खोल. वरून मूठभर माती लोटायची, दाबायची नाही. मी माती दाबली म्हणून मला एक चापट मिळाली होती.

नाशिकच्याच पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्र सातकर्णीचा एक लेख आहे. अठराएकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो सरकारी हुकूमच आहे, गोवर्धन येथील अमात्याच्या नावे काढलेला. ते गोवर्धन गाव आजही गंगापूरच्या वाटेवर नांदते आहे. डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी कखडी गावचे एक शेत दिले होते; परंतु ते शेत कसले जात नाही आणि तो गावही वसत नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी, असा त्याचा आशय आहे. न कसलेली जमीन देणे म्हणजे देणेच नव्हे एवढी जाण त्या दरबाराला होती. आणि हा हुकूम एकट्या राजाचा नाही, त्याच्या बरोबरीने राजमातेचाही आहे. तिचे बलश्री हे नाव त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात कोरलेले आहे. शहराच्या सीमेवरची जमीन, आणि तिच्या कागदावर बाईचा शब्द! मी तो लेख समजून घेतला तेव्हा आत्याला जाऊन बरीच वर्षे लोटली होती, नाहीतर तिला लेण्यांच्या पायऱ्या चढवून नेली असती. अर्थात ती आधी वाटेतल्या शेतांत कोणी काय लावले आहे ते पाहत थांबली असती.

आजोबा वारले ते १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाल्यानंतर. बापाच्या हिश्श्यात आता मुलीचाही वाटा निघतो ही बातमी ओसरीवर पोहोचायला वेळ लागला नाही, आणि पोहोचताच हक्कसोडपत्राचा मसुदा तयार झाला. तो दिवसही माघातला, आणि वाफशाचा. आत्याने सकाळी गोळा टाकून पाहिला होता, ती म्हणाली, “उद्या जाऊ.” पण मुद्रांक घेऊन झाला होता, साक्षीदारांना निरोप गेला होता, मातीसाठी थांबणारे काका कागदासाठी थांबायला तयार नव्हते. माझे वडील तेथेच उभे होते आणि ते काही बोलले नाहीत. दस्तात ‘राजीखुशीने, बिनमोबदला, कोणाच्याही दडपणावाचून’ असे शब्द होते, आणि दडपण हा शब्द जर खेकसण्यापुरताच घ्यावयाचा असेल तर ते खरेही होते. आत्याने अंगठा दिला. टांग्याने परत यायला तिसरा प्रहर उलटला. तोवर साऱ्यांवर कवच धरू लागले होते. तिने तांब्याने पाणी शिंपडून ते मऊ केले आणि निबंधकाच्या कचेरीतली जांभळी शाई अंगठ्यावर तशीच असताना काकडी टोकली. त्या खेपेची उगवण विरळ झाली. पुढचे आठ-दहा दिवस ती नांग्या भरीत होती, आणि काका सगळ्यांना सांगत होते की यंदा बीच हलके निघाले.

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हिस्सा देणारी दुरुस्ती २००५ साली आली. तोवर आत्या नव्हती. असती तरी नोंदणी झालेल्या हक्कसोडीपुढे त्या दुरुस्तीचे काही चालले नसते. गाव नमुना बारामध्ये दरसालच्या पिकांची नोंद होत असे. त्यात गव्हाचे क्षेत्र असे, उसाचे असे, आणि आत्याच्या पट्टीसमोर ‘भाजीपाला’ एवढे लिहून तलाठी चहाला बसे. कोथिंबिरीच्या दोन जुड्या त्याच्या पिशवीत जात, त्या आत्याच हातांनी बांधून देई, केळीच्या सोपटाने, ओल्या मुळांसकट.

नाशिकच्या बाजार समितीत आजही संध्याकाळी पालेभाज्यांचा लिलाव होतो, शेकडा जुड्यांच्या भावाने, आणि रात्रीच्या गाड्यांनी माल मुंबईला जातो. भाव पडला की मेथीच्या जुड्या तेथेच टाकून माणसे रिकाम्या गाडीने परततात. मळा पाहिला त्याच संध्याकाळी मी मुद्दाम तेथे गेलो. माल गिरणाऱ्याकडून, दिंडोरीकडून आलेला होता. मखमलाबादचाही होता, कारण शिवार सगळेच काही अजून मुरुमाखाली गेलेले नाही. एका बाईने कोथिंबीर आणली होती; तिला मी धणे रगडता का म्हणून विचारले. “मग काय, तसेच पेरायचे?” असे म्हणून तिने माझ्या धुवट कपड्यांकडे पाहिले आणि ती आडत्याकडे वळली.

कमानीवर आजोबांचे नाव घालावयाचे ठरले आहे. खाली संगमरवरात चार ओळींचा मजकूर हवा आहे, आणि घरात लिहिणारा मीच, म्हणून तो मी लिहून द्यावा असा चुलतभावांचा आग्रह आहे. मी पाठविलेल्या पहिल्या मसुद्यात आत्याचे नाव होते. तो परत आला. मिळकतीच्या कोणत्याही उताऱ्यावर तिचे नाव नसल्याने ते घालणे योग्य दिसणार नाही, असे त्यासोबतच्या चिठ्ठीत नम्रपणे लिहिले आहे. दुसरा मसुदा मी अद्याप पाठविलेला नाही, आणि संगमरवरवाल्याचा तगादा आता थेट मला येऊ लागला आहे.