अष्टमीचा चंद्र

पौर्णिमेचा चंद्र कवींना लखलाभ असो! दुर्बिणीला अष्टमीचाच हवा. पौर्णिमेला ऊन समोरून पडते, सावल्या लोपतात. अष्टमीला उजेड-काळोखाच्या सीमेवर ते तिरपे पडते. पर्वत उभे राहतात आणि टॉलेमीचे सुमारे १५० किलोमीटर रुंदीचे विवर सावलीने भरते.

परसातल्या लहानशा दुर्बिणीतूनही एवढे दिसते. ‘शांततेचा सागर’ दिसतो. त्यात पाणी नाही, थिजलेला लाव्हा आहे. १९६९ साली माणूस उतरला तो तिथेच.

हे आईला दाखवावे की नाही, या विचारात मी होतो. पन्नास वर्षे ती संकष्टीला चंद्र पाहूनच जेवते. तिने पुष्कळ वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाली, ‘‘खळगे असू देत बापड्याला. संकष्टीला तेवढा लवकर उगव, म्हणावं!’’