बांबू, पाट आणि नोंदवहीची पहिली ओळ

कळवणला आमच्या शेताच्या कडेने पाट जातो. लहानपणी आत्या तो बांबू टेकवून एका उडीत ओलांडत असे, हे मला गेल्या दिवाळीत प्रथम कळले. महिलांच्या पोल व्हॉल्टवर, म्हणजे शाळेच्या मैदानावरच्या भाषेत बांबू उडीवर, मी एक टिपण लिहीत होते. त्यासाठी जमवलेली एक चित्रफीत मी तिला दाखवली. तिने ती दोनदा पाहिली आणि म्हणाली, "हे तर आम्ही करायचो गं. फक्त पलीकडे गादी नव्हती, चिखल होता." शाळेच्या क्रीडादिनी मात्र बांबू मुलांच्या हाती असे आणि मुलींच्या वाट्याला लिंबू-चमचा.

माझ्या टिपणातले पहिलेच वाक्य होते : 'महिलांनी हा क्रीडाप्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस आत्मसात केला.' आजचा धागा त्या वाक्याबद्दल आहे.

या खेळाचे मूळही पाण्यापाशीच सापडते. नेदरलँड्स आणि पूर्व इंग्लंडच्या पाणथळ मुलखात लोक लांब काठी रोवून कालवे ओलांडत. रुंदी ओलांडण्याच्या या युक्तीतून पुढे उंची ओलांडण्याची स्पर्धा उभी राहिली आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. तिथे अमेरिकेचा विल्यम हॉइट ३.३० मीटर उडी मारून विजेता ठरला. आज ही उंची किरकोळ वाटेल, पण ती नोंदली गेली, हे महत्त्वाचे.

त्या ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी एकही स्पर्धा नव्हती. ॲथलेटिक्सचे दार त्यांच्यासाठी १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला उघडले, तेही अवघ्या पाच प्रकारांपुरते. त्यांतली ८०० मीटरची शर्यत संपताच, धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापून आल्या आणि ती शर्यतच कार्यक्रमातून काढून टाकण्यात आली. ती परतली १९६० मध्ये. बांबू उडीला तर आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले. खांद्यांत बळ नाही, पडल्यास इजा होईल, अशी कारणे दिली जात. पडण्याची भीती पुरुषांच्या बाबतीत कुणाला वाटली नाही, हे जाता जाता नमूद करते.

आता वाचकहो, अधिकृत जागतिक विक्रमांच्या दोन याद्या शेजारी ठेवून पाहा. पुरुषांची यादी १९१२ मध्ये मार्क राइटच्या ४.०२ मीटरपासून सुरू होते. महिलांची यादी सुरू होते १९९२ मध्ये, चीनच्या सुन काइयुनच्या ४.०५ मीटरपासून. दोहोंमध्ये ८० वर्षांचे अंतर आहे. साधनांतला फरक मी विसरलेले नाही. राइटचा काळ ताठ काठीचा होता, सुनच्या हाती वाकणारी फायबरग्लासची काठी होती. तरीही कुणाचीही पहिली उडी ४.०५ मीटरची नसते. त्या आकड्याच्या खाली कितीतरी मुलींच्या दोन, अडीच, तीन मीटरच्या उड्या असणार. पुरुषांच्या तशा उड्यांना अथेन्समध्ये पदक मिळाले. या मुलींच्या उड्यांना अधिकृत यादीत ओळसुद्धा मिळाली नाही. यादी कर्तृत्वापासून सुरू होत नाही, परवानगीपासून सुरू होते. माझे वाक्य तिथेच मोडले.

परवानगी मिळाल्यावर जे घडले त्याचा वेग थक्क करणारा आहे. १९९९ मध्ये सेव्हिलच्या जागतिक स्पर्धेत महिलांची बांबू उडी प्रथमच आली आणि अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलाने ४.६० मीटर उडी घेऊन तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. पुढच्या वर्षी सिडनीत याच उंचीवर ती पहिली ऑलिंपिक विजेती झाली. २००१ मध्ये तिने ४.८१ मीटर पार केले. कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये खऱ्याखुऱ्या बांबूवर केलेला ४.७७ मीटरचा विक्रम एके काळी मानवी क्षमतेची सीमा मानला जाई. तो आकडा ऑलिंपिक प्रवेशानंतर एका वर्षात मागे पडला.

मग आली रशियाची येलेना इसिनबायेवा. उंची फार वाढल्याने जिम्नॅस्टिक्स सोडावे लागलेली ही मुलगी २००५ मध्ये पाच मीटर ओलांडणारी पहिली महिला ठरली. ऑगस्ट २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत तिला एकही उंची पार करता आली नाही. निकालपत्रात तिच्या नावापुढे आकडाच नव्हता. अकरा दिवसांनी झुरिकमध्ये तिने ५.०६ मीटर पार केले. तो विक्रम अजून अबाधित आहे.

भारतात व्ही. एस. सुरेखाचा २०१४ मधला ४.१५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत रोझी मीना पॉलराजने ४.२० मीटर उडी मारून मोडला. दोघीही तमिळनाडूच्या. उशिरा उघडलेल्या दारांची महाराष्ट्राची कथा मैदानी उड्यांत नव्हे, धावण्यात सापडते. महिलांची ३००० मीटर स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली २००८ साली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तेव्हा एकोणीस वर्षांची होती. २०१६ मध्ये रिओत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर धावमार्गावरच्या वैयक्तिक शर्यतीत अशी मजल कुणा भारतीय महिलेने मारली नव्हती. आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत तीन वर्षांची होती तेव्हा, १९८८ मध्ये, महिलांची १०,००० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये आली. त्याच अंतरात तिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. या दोघी वीस वर्षे आधी जन्मल्या असत्या, तर त्यांची नावे कोणत्या यादीत शोधायची होती?

दिवाळीच्या सुटीत टेप घेऊन आत्याबरोबर पाटावर गेले. ती जिथून उडी घेई तो काठ तिने पायाने दाखवला. मोजले तर रुंदी साडेआठ फूट भरली. मी वहीत तारखेसह आकडा लिहिला.

आत्याने वहीत डोकावून पाहिले. "पावसाळ्यात जास्त असायचं," ती म्हणाली, "तेही लिही."